शरदातील मुलांचा महिना : नाकाडोंगरी परिसरातील भुलाबाईच्या खेळाचा कालविचार

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, महाराष्ट्राची सीमा मध्यप्रदेशाला जेथे भिडते त्या उत्तरेकडील पट्ट्यात नाकाडोंगरी हे गाव आहे. एका बाजूस जंगल, इतके की वनखात्याच्या एका परिक्षेत्राला याच गावाचे नाव आहे. दुसऱ्या बाजूस डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीजच्या खाणी. आणि या दोहोंच्या मध्ये, जेथे सपाट जमीन मिळेल तेथे, धानाच्या बांध्या. तुमसरहून तिरोडीकडे जाणारा रेल्वेचा फाटा याच भागातून जातो. १८९६ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश सिंडिकेटपासून सुरू झालेला येथील खाणउद्योग १९६२ साली मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड या कंपनीकडे आला, आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणीतील मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या सेलसाठी वापरले जाऊ लागले. मंडईच्या रात्री वडिलांचा टॉर्च हाती घेऊन पुढे पळणाऱ्या मुलाला आपण आपल्याच डोंगराच्या मातीचा उजेड पाडीत आहोत हे बहुधा ठाऊक नसते.

अशा गावातील शरद ऋतू मुलांच्या वाट्याला कसा येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लोकजीवनाच्या अभ्यासात सण हे बहुधा मोठ्या माणसांच्या बाजूने पाहिले जातात. मुले तेथे असतात, पण आरतीच्या ताटाशेजारी उभी असलेली. तथापि भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा जो एक महिना आहे, त्यात हे नाते उलटे होते. भुलाबाई मांडतात त्या मुली, गाणी म्हणतात त्या मुली, कोणाच्या घरी आधी जावयाचे व कोणाच्या घरी नंतर हे ठरवितात त्याही मुलीच. आई खाऊ करून देते आणि बाजूस होते.

प्रथम धानाविषयी दोन शब्द, कारण त्यावाचून या भागातील कोणताही काळ उलगडत नाही. आषाढ-श्रावणात रोवणी होते. गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बायांच्या दिवसाला त्या काळी सकाळ आणि रात्र अशी दोनच टोके असतात. त्यानंतर निंदण येते. निंदण उरकले की हलके धान कापणीस येईपर्यंत, म्हणजे साधारणपणे भाद्रपदाच्या उत्तरार्धापासून आश्विन संपेपर्यंत, शेत माणसाकडे फारसे काही मागत नाही; ते आकाशाकडे मागते. भारी धानाला या काळात हस्ताच्या पावसाची, आणि तो चुकला तर तलावाच्या पाण्याची गरज असते. बाप आकाशाकडे पाहत असतो, आई संध्याकाळी थोडी लौकर घरी आलेली असते, आणि अंगण सुकू लागलेले असते. फेर धरावयास सुकलेले अंगण लागते, ही गोष्ट ग्रंथांत सापडत नाही, म्हणून येथे नमूद करतो.

या महिन्याच्या उंबरठ्यावर तान्हा पोळा उभा असतो. श्रावण अमावास्येस खऱ्या बैलांचा पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, मुले लाकडी नंदीबैल ओढीत तोरणाखाली नेतात व घरोघर बोजारा मागतात. या प्रथेचे श्रेय परंपरा नागपूरकर भोसल्यांना, विशेषतः दुसऱ्या रघूजींना देते. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील लक्षणीय गोष्ट एवढीच की, हा मोठ्यांच्या सणाचा लहान नमुना आहे. मुलगा बापाचे अनुकरण करतो. बैल लाकडाचा, पण विधी बापाचाच. भुलाबाईचे तसे नाही. तिच्यामागे मोठ्यांचा कोणताही सण उभा नाही.

येथे पंचांगाचा एक मुद्दा उपस्थित होतो, आणि तो थोडा विस्ताराने मांडावयास हवा.

महाराष्ट्रात शरदाच्या आरंभी मुलींचे फेर धरण्याचे जे खेळ आहेत, त्यांची नावे हादगा, भोंडला आणि भुलाबाई अशी प्रदेशपरत्वे बदलतात. खानदेशात भुलाबाईच्या जोडीला गुलाबाई हेही नाव ऐकू येते. तिन्हींत मुली फेर धरतात, गाणी पुष्कळ अंशी एकमेकींत मिसळलेली आहेत, खिरापत ओळखावयाची रीतही एकच. त्यामुळे हा एकच खेळ असून नावे तेवढी वेगळी, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु हे खेळ केव्हा सुरू होतात आणि केव्हा संपतात हे पाहू लागले की चित्र बदलते. हादगा सूर्याच्या हस्त नक्षत्रातील प्रवेशाशी बांधलेला आहे. हा प्रवेश दरवर्षी सप्टेंबरच्या २६-२७ तारखेच्या सुमारास होतो. त्याचा चंद्राशी संबंध नाही. ज्या हत्तीभोवती फेर धरतात तो याच हस्ताचा हत्ती होय. भोंडला आश्विन शुद्ध प्रतिपदेस, घटस्थापनेबरोबर सुरू होतो. म्हणजे त्याचा आरंभ दक्षिणेकडील अमान्त महिन्याच्या पहिल्या दिवशी होतो. आणि विदर्भातील भुलाबाई? ती पौर्णिमेस येते व पौर्णिमेस जाते.

महाराष्ट्रातील महिना अमावास्येस संपतो. नर्मदेच्या पलीकडील प्रदेशात तो पौर्णिमेस संपतो. यामुळे शुक्ल पक्षाचे नाव दोन्हींकडे एकच राहते, पण कृष्ण पक्षाचे नाव बदलते. आपला पोळा श्रावणाच्या अमावास्येचा. हिंदी पंचांग उघडले तर तीच तिथी भाद्रपदाची अमावास्या म्हणून छापलेली दिसते. आता याच मापाने भुलाबाईचा काळ मोजून पाहावा. भाद्रपद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा काळ अमान्त गणनेत दोन महिन्यांत तुटतो : अर्धा भाद्रपद वद्याचा, अर्धा आश्विन शुद्धाचा. पौर्णिमान्त गणनेत मात्र तो अखंड, एकसंध असा आश्विन महिना आहे, पहिल्या तिथीपासून शेवटच्या तिथीपर्यंत. अर्थात भुलाबाईचा महिना हा मराठी पंचांगातील महिना नव्हे. तो उत्तरेकडील पंचांगातील महिना आहे.

यावरून भुलाबाई उत्तरेकडून आली असा निष्कर्ष काढण्याची घाई कोणी करू नये. पौर्णिमा ही डोळ्यांना दिसणारी तिथी आहे. ज्यांना पंचांग वाचता येत नाही त्यांनी चंद्रावरून काळ मोजावा यात नवल नाही, आणि लहान मुली ह्या पंचांग न वाचणाऱ्यांपैकीच होत. परंतु शेजारच्या प्रदेशांकडे पाहिल्यावाचूनही राहवत नाही. माळव्यात कुमारिकांची सांझी भाद्रपद पौर्णिमेपासून पितृपक्षभर चालते. भिंतीवर शेणाच्या व फुलांच्या आकृती रोज नव्याने काढल्या जातात. बुंदेलखंड व ब्रज या भागांत मुलांचा टेसू व मुलींची झांझी आश्विनाच्या शुक्ल पक्षात निघतात आणि शरद पौर्णिमेस त्यांचे लग्न लागते. म्हणजे सांझीचा पंधरवडा आणि झांझीचा पंधरवडा एकापुढे एक ठेवले की भुलाबाईचा महिना भरतो. नाकाडोंगरीसारख्या गावी, जेथे घरात पोवारी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी आणि जंगलाच्या कडेस गोंडी ऐकू येते, तेथे ही जुळणी केवळ कागदावरची राहत नाही. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात ज्यांचे सोयरे आहेत त्या घरांत दोन्ही महिने नांदत असतात.

पितृपक्षाविषयी एक गोष्ट सहज सांगण्याजोगी आहे. हा पंधरवडा मोठ्यांच्या दृष्टीने मंगल कार्यास वर्ज्य. लग्न ठरवावयाचे नाही, नवी वस्तू घ्यावयाची नाही. त्याच पंधरवड्यात घरातील पाटावर मातीचे भुलोबा आणि भुलाबाई, म्हणजे शंकर आणि पार्वती, लहानग्या गणपतीसह बसलेले असतात आणि पोरी लग्नाची, सासरची, बाळंतपणाची गाणी म्हणत असतात. कोणीही त्यांना थांबवीत नाही. मुलींचा खेळ शुभाशुभाच्या कक्षेबाहेर मानला जातो, किंवा असे म्हणू की त्याची कोणी दखलच घेत नाही. दखल न घेतली जाणे हीच पुष्कळदा लोकपरंपरेची सर्वांत मोठी ढाल असते.

भुलाबाई या नावाची प्रचलित कथा अशी की, सारीपाटात हरलेला शंकर रुसून निघून गेला व पार्वतीने भिल्लिणीचा वेष घेऊन त्याला भुलविले. म्हणून ती भुलाबाई आणि तो भुलोबा. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरेल किंवा न उतरेल. डाव, रुसवा आणि समजूत हा कथेचा क्रम मात्र मुलींच्या महिन्याभराच्या व्यवहाराशी तंतोतंत जुळतो.

पौर्णिमान्त गणनेची खरी परीक्षा अधिक महिन्यात होते. २००१ साली आणि पुन्हा १९ वर्षांनी, २०२० साली, आश्विन अधिक आला. २०२० साली पितृपक्ष १७ सप्टेंबरला संपला आणि नवरात्र १७ ऑक्टोबरला सुरू झाले. मध्ये पूर्ण एक महिना. त्या वर्षी पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत चालणाऱ्या खेळाने काय करावे? भाद्रपद पौर्णिमेस बसलेली भुलाबाई दोन महिने बसवावी, की अधिकाची पौर्णिमा हीच कोजागिरी मानावी, की आरंभच पुढे ढकलावा? हादग्याला ही अडचण नाही, कारण सूर्य अधिक महिना जाणत नाही. भोंडल्यालाही नाही; तो घटाबरोबर सरकतो. भुलाबाईला मात्र ती आहेच. पंचांगकर्त्यांनी या प्रश्नाचे उत्तर देण्याचे कारण नाही. ते आज्यांकडे आहे. ज्या स्त्रिया २००१ साली दहा-बारा वर्षांच्या होत्या त्या आज तिशी ओलांडलेल्या, हाताशी असलेल्या स्त्रिया आहेत. त्यांना हे विचारावयास कोणत्याही मोठ्या अनुदानाची गरज नाही.

आता खिरापतीकडे, म्हणजे इकडच्या बोलण्यात खाऊकडे, वळू. फेर संपला की झाकलेला डबा बाहेर येतो. ज्या घरी खेळ असेल त्या घरची मुलगी तो कानाशी हलवून दाखविते, आणि बाकीच्यांनी आतील पदार्थ ओळखावयाचा असतो. गोड की तिखट, एवढे विचारता येते. ओळखला तर फेर जिंकला. नाही तर हरल्याचे कबूल करून खावे लागते. वरवर पाहता ही गंमत आहे. पण आवाजावरून पदार्थ ओळखणारी मुलगी प्रत्यक्षात काय करीत असते? या आठवड्यात शेजारणीच्या घरी काय असू शकेल याचा ती हिशेब करीत असते. मुरमुऱ्यांचा डबा जवळजवळ बोलतच नाही. फुटाणे खडखडतात. लाडू एकाच जागी दणकतो. या भागातील तलावांत ढिवर समाज शिंगाड्याचे पीक घेतो. तो आश्विनात बाजारात येऊ लागतो आणि उकडलेल्या शिंगाड्यांनी भरलेला डबा ओल्या लाकडासारखा वाजतो. काकडीच्या फोडी ओळखणे सर्वांत अवघड, आणि म्हणून जिच्या घरी देण्यासारखे काही नसते तिला काकडीचा मोठा आधार. अवघड खाऊ आणि गरिबीचा खाऊ एकच ठरावा, ही या खेळातील मला सर्वांत आवडलेली तरतूद आहे. परीक्षा पदार्थाच्या किमतीची नसते, गुपित राखण्याची असते.

काही ठिकाणी खाऊची संख्या दिवसागणिक वाढत जाते व कोजागिरीस तो तेहतीस प्रकारांवर जातो. वऱ्हाडात त्या रात्री ज्वारीच्या पाच धांड्यांचा मांडव भुलाबाईवर उभा करतात. धानाच्या मुलखात हा मांडव कशाचा करतात हा प्रश्न अभ्यासकाने अंगणात जाऊन पाहण्याचा आहे, कारण त्याच्या उत्तरात हा खेळ कोणत्या पिकाच्या प्रदेशातून कोणत्या पिकाच्या प्रदेशात गेला याची खूण दडलेली असू शकते.

गाण्यांचा शब्दशः संग्रह देणे हा येथे हेतू नाही. आशय तेवढा पाहू. माहेरी जावयाची परवानगी सासूकडे मागावयाची, सासूने ती सासऱ्याकडे ढकलावयाची, सासऱ्याने दिराकडे, दिराने नणंदेकडे, आणि शेवटी नवऱ्यापर्यंत पोचताना प्रत्येक जण एखादे अशक्य काम पुढे टाकणार, हा गाण्यांचा एक मोठा साचा. दुसरा साचा चेष्टेचा : सासरचा वैद्य वेडा, सासरचे दागिने मोडके, माहेरचे सर्व काही सोन्याचे. हसत हसत म्हटल्या जाणाऱ्या या गाण्यांकडे आज आपण बालगीते म्हणून पाहतो. परंतु ती रचली गेली तेव्हा गाणाऱ्या मुलींचे वय आणि लग्नाचे वय यांत अंतरच नव्हते. १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा संमत झाला व १ एप्रिल १९३० पासून मुलीचे किमान विवाहवय १४ ठरले. हरविलास सारडांच्या नावावरून ओळखला जाणारा हा कायदा मराठी माणसाने ‘शारदा कायदा’ करून टाकला. १८९९ सालच्या देवलांच्या ‘शारदा’ नाटकाची आठवण इतकी ताजी होती. ही मर्यादा १९४९ साली १५ आणि १९७८ साली १८ झाली. म्हणजे तत्पूर्वी फेरात उभी असलेली दहा वर्षांची मुलगी सासूविषयी गात असे तेव्हा ती कल्पनेने गात नसे. तिच्या शेजारी उभी असलेली तिची मैत्रीण कदाचित सासरहून महिन्यासाठी आलेली असे. आजची तेवढीच मुलगी तेच गाणे म्हणते, परंतु तिच्या लेखी सासू ही राक्षसाच्या गोष्टीतील राक्षसासारखी एक व्यक्तिरेखा झाली आहे. शब्द टिकले, भय गेले. याचा खेद मानण्याचे कारण नाही. मात्र गाण्याला भयाचा जो ताण होता तो गेल्यावर ते कशाच्या बळावर टिकते, हा प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर बहुधा मैत्रीत आहे. आयोना व पीटर ओपी या दांपत्याने १९५९ साली ब्रिटनमधील शाळकरी मुलांच्या परंपरेविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी दाखवून दिले की मुलांचे वाङ्मय मोठ्यांकडून लहानांकडे उतरत नाही. ते थोड्या मोठ्या मुलाकडून थोड्या लहान मुलाकडे जाते. भुलाबाईला हे अक्षरशः लागू पडते. सहा वर्षांची मुलगी आईकडून गाणे शिकत नाही. फेरात तिचा हात धरणाऱ्या नऊ वर्षांच्या ताईकडून शिकते. ताई चौदाव्या वर्षी फेर सोडते. म्हणजे या परंपरेची पिढी आपल्या घराण्यासारखी २५ वर्षांची नाही, ती जेमतेम आठ वर्षांची आहे. शंभर वर्षांत येथे बारा पिढ्या होतात. ज्या शृंखलेचा दुवा इतका आखूड, ती लवचिक असते, नवे शब्द लगेच घेते, हे तर खरेच. परंतु ती तितक्याच लौकर तुटूही शकते. २०२० आणि २०२१ या दोन शरदांत साथीमुळे एकत्र जमण्यावर निर्बंध होते. घराण्याच्या परंपरेत दोन वर्षे म्हणजे काहीच नव्हे. आठ वर्षांच्या पिढीत ती एक-चतुर्थांश होतात. त्या दोन वर्षांत ज्या मुली बारा-चौदाच्या होत्या त्या फेर न धरताच फेराबाहेर पडल्या, आणि ज्यांनी त्यांच्याकडून शिकावयाचे त्यांचा हात रिकामा राहिला. पुढे ज्या गावांत खेळ पुन्हा सुरू झाला तेथे तो कोणी सुरू केला, मुलींनी की शिक्षिकांनी, आयांनी की महिला मंडळांनी, याची नोंद व्हावयास हवी. कारण आईने शिकविलेली भुलाबाई आणि ताईने शिकविलेली भुलाबाई ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीत गाणी शुद्ध असतात. दुसरीत ती जिवंत असतात.

मुलग्यांविषयी थोडेच लिहितो. बांधीतील पाणी उतरू लागले की मासे सांदीकोपऱ्यांत अडकतात, आणि गळ घेऊन बसलेला मुलगा संध्याकाळी रिकाम्या हाताने परतला नाही तर त्याचा छंद घरच्या कालवणात जाऊन पडतो. शहरातील छंद या कल्पनेत निरुपयोगीपणाचा जो सूक्ष्म अभिमान असतो तो येथे आढळत नाही. चतुर पकडून त्यांच्या शेपटीला दोरा बांधणे हा एक निव्वळ, आणि थोडा क्रूर, खेळ सोडला तर गुरे राखणे, बोरू कापणे, मासे धरणे यांत काम कोठे संपते व करमणूक कोठे सुरू होते हे त्या मुलालाही सांगता येणार नाही. मुली फेर धरतात तेव्हा हे मुलगे अंगणाच्या कडेला उभे राहून चेष्टा करतात, आणि खाऊ वाटण्याच्या वेळी चेष्टा थांबते.

कोजागिरीस भुलाबाईचा महिना पुरा होतो. त्यानंतर अंगणाचा ताबा पुन्हा मोठ्यांकडे जातो. हलके धान कापणीस आलेले असते. शेतावर शिदोरी पोचविण्याचे काम त्याच मुलींकडे येते ज्या काल फेरात होत्या. दिवाळीच्या पाडव्यास गोवारी समाजाचे गायगोधन होते, ढाल निघते, आणि मग गावोगावच्या मंडया सुरू होतात. मंडईचा दिवस प्रत्येक गाव आपापला ठरविते, शेजारच्या गावाशी टक्कर होणार नाही अशा बेताने. त्यामुळे पाहुणा या गावाहून त्या गावाला जाऊ शकतो, आणि दंडार किंवा खडीगंमत करणारी मंडळीही. सोयरिकी बहुधा येथेच निघतात. फेर सोडलेली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी नवी ओढणी घेऊन आत्याच्या गावच्या मंडईला जाते, तेथे तिला त्या गावच्या मुली भेटतात, आणि तुमच्याकडे भुलाबाईला कोणता खाऊ शेवटपर्यंत ओळखला गेला नाही, अशी चौकशी सुरू होते.